दहा सेकंदांचा कागद

ईसीजी काढून झाला की छातीवरची जेल पुसायला मी कापूस देते. तो हातात घेता घेता जवळजवळ प्रत्येक पेशंट एकच विचारतो, "ताई, नॉर्मल आहे ना?"

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लहानशा खासगी दवाखान्यात मी बावीस वर्षं ईसीजी काढते आहे. निदान सांगणं डॉक्टरांचं काम, म्हणून मी "सर सांगतील" एवढंच म्हणते. पण त्या कागदावर काय लिहिलेलं असतं आणि काय नसतं, हे प्रत्येक घरात एकाला तरी ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. कारण ते ठाऊक नसल्यानं उशिरा आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आधी एक भीती दूर करते. पुष्कळ आजी-आजोबा टेबलावर झोपता झोपता विचारतात, "शॉक नाही ना बसणार?" अजिबात नाही. हे यंत्र अंगात वीज सोडत नाही. वीज हृदयाचीच असते, यंत्र फक्त ती टिपतं. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या कर्णिकेत, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याची ठिणगी तिथे पडते. ती दोन्ही कर्णिकांत पसरते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबते आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत, जवनिकांत, झपाट्यानं उतरते. त्या विजेमागोमाग स्नायू आकसतो आणि रक्त पुढे ढकललं जातं. ही वीज इतकी क्षीण असते की कातडीवर ती मिलिव्होल्टमध्ये मोजावी लागते.

ती पहिल्यांदा माणसाच्या अंगावरून टिपली ऑगस्टस वॉलर यांनी, १८८७ साली लंडनमध्ये. पण डॉक्टरांच्या उपयोगी पडेल इतकी स्वच्छ रेघ मिळाली ती नेदरलँड्समधल्या लायडन शहरात, विलेम आइन्थोवेन यांच्या यंत्रातून, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्या यंत्राचं वजन सुमारे २७० किलो होतं, ते चालवायला पाच माणसं लागत आणि पेशंटला दोन्ही हात नि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. आइन्थोवेन यांना १९२४ साली नोबेल मिळालं. रेघेवरच्या चढउतारांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आज आमच्या टेबलावरच्या, एका हातानं उचलता येणाऱ्या मशीनच्या कागदावरही तशीच वापरतात.

आता तो कागद हातात घ्या. गुलाबी चौकटींचा, शाळेतल्या आलेखाच्या वहीसारखा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगानं सरकतो. म्हणून आडव्या दिशेनं एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच बारकांचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. उभ्या दिशेनं दहा बारीक चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट. साऱ्या वाचनाचा पाया एवढाच.

ठोके मोजणं तर कुणालाही जमेल. सगळ्यात उंच, सुळक्यासारखं टोक म्हणजे आर. एका आरपासून दुसऱ्या आरपर्यंत किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्यानं भागा. तीन चौकोन असतील तर मिनिटाला १००, चार असतील तर ७५, पाच असतील तर ६०. टोकांमधली अंतरं कमी-जास्त असतील तर हा हिशेब चालत नाही. तेव्हा दहा सेकंदांच्या पट्टीवरचे सगळे आर मोजायचे आणि सहानं गुणायचं.

मग ताल बघायचा. प्रत्येक सुळक्याच्या आधी एक छोटी गोल टेकडी दिसते, ती पी. कर्णिकांत वीज पसरल्याची ती खूण. पी सुरू झाल्यापासून पुढचा चढउतार सुरू होईपर्यंत तीन ते पाच बारीक चौकोन असावेत. त्याहून जास्त लागले तर वीज मधल्या गाठीत रेंगाळते आहे. पी गायब आणि सुळके कसेही, कुठल्याच हिशेबाविना पडलेले, असं दिसलं की कर्णिका नुसत्या थरथरत असल्याची शंका येते. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून तो कागद मी रांगेत ठेवत नाही.

क्यूआरएस म्हणजे जवनिकांचा ठोका. तो अरुंद हवा, तीन बारीक चौकोनांच्या आत. रुंद झाला असेल तर वीज आपला नेहमीचा रस्ता सोडून आडवाटेनं उतरली. त्यानंतर थोडी सपाट रेघ, ती एसटी. आणि शेवटची मोठी टेकडी टी, म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी स्नायू पुन्हा तयार होण्याची वेळ.

हृदयविकाराच्या झटक्यात सगळ्यांचे डोळे लागतात ते या एसटीकडे. हृदयाला रक्त पुरवणारी एखादी नळी पूर्ण बुजली की त्या भागासमोरच्या लीडमध्ये एसटी आपली पातळी सोडून वर चढते. 'समोरच्या लीडमध्ये' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आम्ही तारा दहाच लावतो, पण त्यांतून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहता येतं. त्यातली प्रत्येक बाजू म्हणजे एक लीड. जणू एकाच वाड्याचे बारा जागी उभं राहून काढलेले फोटो. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ हृदयाची खालची भिंत दाखवतात. व्ही-१ ते व्ही-४ पुढची. लीड एक, एव्हीएल, व्ही-५ आणि व्ही-६ डावीकडची. म्हणून डॉक्टर एकाच सुळक्याकडे बघत नाहीत, शेजारशेजारच्या लीड एकच गोष्ट सांगताहेत का हे बघतात.

हे फोटो खरे यायचे तर तारा जागच्या जागी हव्यात. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. छातीवरच्या सहा जागा मी बरगड्या बोटांनी चाचपून ठरवते, अंदाजानं नाही. व्ही-१ चौथ्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला. बायकांच्या बाबतीत संकोचापोटी तारांच्या टोकांचे फुगे भलतीकडे लागण्याची भीती असते. मी पडदा ओढते, पदर अंगावर राहू देते, काय करणार ते आधी सांगते आणि व्ही-४ स्तनाखालीच, पाचव्या फटीत लावते. लाज राखायची आणि जागाही चुकवायची नाही, दोन्ही जमतं. त्याला दोन मिनिटं जास्त लागतात, तेवढीच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून लाल आणि पिवळी तार उलटी लागली. एका तरुण मुलीचं ऑपरेशनआधीचं फिटनेस होतं. कागदावर लीड एकमध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं. तिच्या आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हृदय उजव्या बाजूला असलं तरी लीड एक अशीच दिसते. सरांनी छातीच्या लीड बघितल्या. व्ही-१ पासून पुढे आर नेहमीसारखा वाढत गेला होता. म्हणजे हृदय जागेवर होतं, तारा जागेवर नव्हत्या. मी परत काढला, सरळ आला. तेव्हापासून यंत्रावरचं बटण दाबण्याआधी मी दोन्ही मनगटं पुन्हा बघते. पेशंट थंडीनं किंवा भीतीनं थरथरत असेल तरी रेघ करवतीसारखी येते. मग पांघरूण घालायचं, दोन गोष्टी बोलायच्या आणि पुन्हा काढायचा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आठवडी बाजाराचा दिवस होता. पन्नाशीचे एक शेतकरी काका स्वतःच्या पायांनी चालत आले. "ताई, नुसतं पित्त झालंय. रात्री शेंगाची चटणी जास्त झाली." छातीच्या खाली जळजळ आणि कपाळावर घाम. पंखा चालू असताना घाम. मी ईसीजी काढला. ठोके साठच्या आसपास, ताल सरळ, दोन-तीन-एव्हीएफमध्ये नजरेत भरावं असं काही नाही. मशीननं वर छापलं, नॉर्मल. काका उठून चप्पल शोधू लागले. कागद सरांच्या हातात दिला, तर त्यांनी एव्हीएलवर बोट ठेवलं. तिथला टी जरासा उलटा होता. ते म्हणाले, "झोपवून ठेव. पंधरा मिनिटांनी परत काढ." त्याच जागी खुणा करून मी परत काढला. दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी दोन बारीक चौकोन वर चढली होती आणि एव्हीएलमध्ये तेवढीच खाली गेली होती. झटका खालच्या भिंतीला होता, आणि तो आमच्या डोळ्यांसमोर कागदावर उमटत होता. औषधं सुरू झाली, रुग्णवाहिका आली, काका सोलापूरला गेले, बुजलेली नळी उघडली. महिन्यानं तपासायला आले तेव्हा लीड तीनमध्ये एक खोल क्यू, म्हणजे सुळक्याआधीचा खड्डा, राहिला होता. जखमेच्या व्रणासारखा तो कायमचा राहू शकतो.

त्या दिवशी काका पहिल्या कागदावर विश्वासून घरी गेले असते तर? म्हणून सांगते, दुखत असताना काढलेला पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी झटका नाही असं ठरत नाही. तो कागद दहा सेकंदांचा असतो. डॉक्टर पुन्हा काढायला सांगतात, ट्रोपोनिनची रक्ततपासणी सांगतात, ती पैसे काढायला नव्हे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. काही धडधाकट तरुणांत एसटी मुळातच थोडी वर असते. व्ही-१ मध्ये टी उलटा असणं बहुतेक वेळा काहीच नसतं. त्यामुळे मशीननं 'अबनॉर्मल' छापलं म्हणून रडत बसू नका आणि 'नॉर्मल' छापलं म्हणून चप्पल घालू नका. समोरचा माणूस, त्याचा त्रास आणि कागद तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय त्या छापील शब्दाला किंमत नाही.

ईसीजीला आणखीही मर्यादा आहेत. नळीत थोडा अडथळा असेल पण माणूस शांत झोपलेला असेल, तर रेघेवर काहीच दिसणार नाही. झडपा कशा आहेत, पंपाचा जोर किती, हे बघायला इको लागतो. कधीतरीच येणारी धडधड पकडायला चोवीस तासांचा होल्टर लावतात. मात्र छातीत दुखणाऱ्या माणसाची पहिली तपासणी आजही हीच, आणि ती दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांच्या आत व्हावी असा जगभरचा नियम आहे.

वाचकांकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. घरात कुणाचाही ईसीजी काढलेला असेल तर तो जपून ठेवा. हा कागद उष्णतेनं छापलेला असतो, वर्षा-दोन वर्षांत फिका पडू शकतो. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या. नव्या कागदावरचा बदल ताजा की जुना, हे जुन्या कागदाशेजारी ठेवूनच कळतं. आणि छातीत दाब, जळजळ, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, दम असं काही सुरू झालं, विशेषतः मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना, कारण त्यांचं दुखणं पुष्कळदा वेगळ्याच रूपानं येतं, तर घरी सोडा पिऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात या. पित्त निघालं तर आनंदानं घरी जाल. तपासायला आलात म्हणून आम्हाला कधीच राग येत नाही.