करंट जातो कुठं?

कोल्हापुरात राजारामपुरीच्या आकड्यांच्या गल्ल्या आणि त्यांना लागून असलेलं शिवाजी उद्यमनगर, या पट्ट्यात जुन्या गाडीचं काम सहसा अडत नाही. सिलिंडरचं बोअरिंग होतं, क्रँक ग्राइंड करून मिळतो, बाजारात नसलेला बुश लेथवर करून मिळतो. ओतकाम आणि यंत्रकाम या शहराच्या हाडीमांसी आहे. जुन्या गाडीचा जिव्हाळाही तसाच. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत तो दिसतो. पण झिजलेला बुश हातात घेऊन दाखवता येतो, विजेचा बिघाड दाखवता येत नाही. म्हणून गाडीचं वायरिंग बघणारा मिस्त्री मला या सगळ्या कारागिरांत वेगळा वाटतो. जे दिसत नाही त्याचा माग काढणं हेच त्याचं काम.

त्याच्याकडे गाड्या येतात त्या बहुतेक पासिंगच्या तोंडावर. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. एवढे पैसे भरून इंडिकेटर पेटला नाही म्हणून गाडी परत यावी, हे कुणाला परवडणार? मग मारुती ८०० येते, एखादी प्रीमियर पद्मिनीही येते. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या नावाने सुरुवात झालेली ही गाडी बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली, पण सांभाळणारे अजून सांभाळून आहेत.

अशाच एका पद्मिनीची तक्रार विचित्र होती. रात्री दिवे लावून ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटायचा आणि ब्रेकचा दिवा जेमतेम लागायचा. मालकांनी दोनदा बल्ब बदलले होते, स्विचही नवा टाकला होता. मिस्त्रींनी बल्बला हात लावला नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक लांब वायर आणली आणि तिचं उघडं टोक दिव्याच्या पत्र्याला टेकवलं. सगळे दिवे जागच्या जागी, लख्ख.

‘‘मालक, बल्ब चांगलाच हाय ओ. त्याला अर्थ मिळत न्हाई.’’

मोटारीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत करंट वायरीतून जातो. परत येताना मात्र गाडीची बॉडीच त्याची वाट असते. ती वाट बंद झाली की करंट उसाच्या फुटलेल्या पाटातल्या पाण्यासारखा मिळेल तिकडे वळतो. इथे तो शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून बाहेर पडत होता. कारण साधं होतं. डेंटिंग-पेंटिंग करताना अर्थच्या बोल्टखालीही रंग गेला होता. मिस्त्रींनी बोल्ट काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून आवळला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. नवीन पार्ट एकही लागला नाही.

जुन्या गाडीत बिघाड वस्तूत कमी आणि वाटेत जास्त असतो. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. वाटेत गंजलेल्या जोडाने ०.४ ओमचा अडथळा केला, तर २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि उजेड जवळपास निम्म्यावर येतो. सेल्फ तर दीडशे अँपिअरच्या आसपास खेचतो. त्याच्या वाटेत ओमचा पन्नासावा भाग जरी आडवा आला, तरी ३ व्होल्ट गेले. सेल्फ कण्हतो आणि दोष बॅटरीवर येतो. हे ओळखायला गाडी खोलावी लागत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर ठेवायचं आणि चावी मारायची. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की समजायचं, अर्थची पट्टी गेली. वायर नुसती सोडवून मीटरने तपासली तर फसगत होते, कारण दहा-वीस तारांतली एकच तार शाबूत असली तरी मीटर ‘चालू’ दाखवतो. भार पडल्यावरच तिचं खरं कळतं. जुने मिस्त्री बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करतात तो याचसाठी. बल्ब करंट मागतो आणि दुबळी वायर लगेच उघडी पडते.

वायर पुरानेही दुबळी होते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या वाळवल्यावर चालूही झाल्या. पण वायरीच्या आवरणाच्या आत तारांच्या फटींतून पाणी चढलेलं असतं. बाहेरून वायर ठणठणीत, सोलून बघावी तर तांबं हिरवं पडलेलं. असा बिघाड काही महिन्यांनी, कधी वर्षानेही डोकं वर काढतो.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर भीती वाटते. पद्मिनीत पांढरे चिनी मातीचे फ्यूज असतात, त्यांची पट्टी बाहेरूनच दिसते. ती उडाली की तिच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लोक आहेत. फ्यूज उडाला म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. तार गुंडाळली तर शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळतं. रिले न बसवता मूळच्या स्विचवरच १००/९० वॉटचे बल्ब चालवणं हाही तसाच जिवाशी खेळ.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी बसली असेल, तर काम चिकाटीचं. निगेटिव्हच्या वाटेत अँपिअर मीटर घालायचा, चावी बंद, दारं बंद. ५० मिलिअँपिअरच्या आत असलं तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सत्तर तासांत रिकामी होते आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी जवाब देतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्याने आकडा खाली आला, त्या लाइनवर चोर. बहुतेकदा तो मागाहून बसवलेला टेप नाहीतर सेंट्रल लॉक निघतो.

एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरवर इंधन सोडणाऱ्या गाड्यांत मात्र जपून. कॉम्प्युटरच्या वायरीला बल्बचा लॅम्प लावला तर कॉम्प्युटरच जायचा. तिथे मीटरच हवा. कळंबा रोडच्या आयटीआयमधून शिकून आलेली पोरं स्कॅनर सफाईने चालवतात. स्कॅनर सांगतो की सेन्सरचा व्होल्टेज कमी आहे. पण तो सेन्सर गेला, की त्याच्या अर्थचा बोल्ट गंजला, हे शोधायला शेवटी दिव्याच्या पत्र्याला वायर टेकवणारी नजरच लागते. ती नजर थोरल्या मिस्त्रींच्या हाताखाली उभं राहूनच येते. या पोरांनी स्कॅनरबरोबर तीही घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

पद्मिनीच्या मालकांनी सगळं वायरिंगच बदलू का, असं विचारलं. मिस्त्रींनी बॉनेटखालची एक वायर बोटावर वाकवून दाखवली. आवरणाला तडा गेला नाही. ‘‘एवढ्यात नको. तडकाय लागलं की बघूया.’’ मग इंजिन थोडं रेस करून, सगळे दिवे आणि वायपर चालू ठेवून त्यांनी बॅटरीवर मीटर धरला. आकडा साडेतेरा व्होल्टच्या वर टिकला, तेव्हा चावी मालकांच्या हातात दिली.