मीटरमधली चकरी

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही या अंकासाठी विजेच्या मीटरवर लिहीत आहे, त्याला कारण माझे वडील.

आमचे गाव अकोट तालुक्यातले. वडिलांनी शाळेचे तोंड फारसे पाहिलेले नाही. गेल्या वर्षी ते अमरावतीला माझ्या खोलीवर मुक्कामी आले. खोलीत आम्ही चौघे राहतो. दारावर घरमालकाने लावलेले जुने, चकरीचे मीटर आहे. पहाटे उठून वडील त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काहून रे, लाइट तं सारे बंद हायेत, मंग हे चकरी कशी फिरून राह्यली?"

मला उत्तर देता आले नाही. त्याच सुमारास वीजबिलावरून आमच्यात कुरबुर चालू होती. युनिटे जास्त पडत होती. आमच्यातला एक जण चोरून शेगडी लावतो, असा आम्हां तिघांचा संशय होता आणि दोन महिने आम्ही त्याच्याकडून जास्त पैसे घेतले होते. त्यामुळे वडिलांचा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. ग्रंथालयातली भौतिकशास्त्राची पुस्तके काढली आणि समजले ते असे.

मीटरमधली चकती ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमला लोहचुंबक ओढत नाही. चकतीला कुठली तारही जोडलेली नसते. मग ती फिरते कशाने?

फ्रान्समधील आरागो या शास्त्रज्ञाला १८२४ मध्ये असेच एक कोडे पडले होते. तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही तिच्यामागे फिरू लागे. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही! याचा उलगडा १८३१ मध्ये इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेने केला. हा फॅरेडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तो बांधणीला आलेली पुस्तके वाचून शिकला. धातूजवळचे चुंबकत्व बदलले, किंवा धातू चुंबकाजवळून सरकला, की धातूत वीज वाहू लागते, हे त्याने दाखवले. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. त्याने एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली आणि तिच्या मध्यापासून कडेपर्यंत प्रवाह मिळवला. ते पहिले जनित्र. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या केंद्रात वीज तयार होते ती याच तत्त्वावर.

अशा चकतीत पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल गोल प्रवाह उठतात. ते नेहमी आपल्या उत्पत्तीच्या कारणाला विरोध करतात. चुंबक पुढे सरकला तर त्याच्यातले आणि चकतीतले अंतर वाढू नये म्हणून चकती त्याच्यामागे ओढली जाते. चुंबक स्थिर ठेवून चकती फिरवली तर तिला अटकाव होतो. मीटरमध्ये या दोन्ही गोष्टींचा उपयोग केलेला आहे.

चकतीच्या वर-खाली तारेची दोन वेटोळी असतात. एकात बारीक तारेचे पुष्कळ वेढे असून ते विजेच्या दाबावर चालते. दुसऱ्यात जाड तारेचे थोडे वेढे असून आपण वापरतो तो प्रवाह त्यातून जातो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणून दोन्ही वेटोळ्यांचे चुंबकत्वही चढते-उतरते; पण दाबाच्या वेटोळ्याचे सुमारे पाव आवर्तन मागे राहते. एकामागून एक असे चुंबकत्व चढल्यामुळे चकतीच्या कडेने जणू चुंबकच सरकत जातो आणि चकती त्याच्यामागे निघते. वीज दुप्पट वापरली की ही ओढ दुप्पट होते.

पण नुसतीच ओढ असती तर चकती वेग घेतच राहिली असती. म्हणून तिच्या कडेला एक कायम चुंबक ब्रेकसारखा बसवलेला असतो. वेग दुप्पट झाला की त्याचा अटकावही दुप्पट होतो. ओढ आणि अटकाव सारखे झाले की वेग स्थिरावतो. म्हणून चकतीचा वेग म्हणजे त्या क्षणी वापरली जाणारी वीज आणि तिचे एकूण फेरे म्हणजे युनिटे.

सगळे बंद असताना एकट्या दाबाच्या वेटोळ्याने चकती रांगू नये, यासाठी तिला समोरासमोर दोन बारीक भोके पाडलेली असतात. म्हणजे बंद घरात चकती एकसारखी फिरत असेल तर दोनच कारणे संभवतात: मीटर बिघडले आहे, किंवा वीज कुठेतरी जात आहे.

आमच्या मीटरवर एका युनिटाला ६०० फेरे असे लिहिले होते. एक युनिट म्हणजे १००० वॅटचा एक तास वापर. खोलीतले सगळे बंद करून मी घड्याळ लावून बसलो. चकतीवरची काळी खूण अडीच मिनिटांनी परत समोर आली. म्हणजे तासाला २४ फेरे, म्हणजे ४० वॅट. मग मीटरशेजारचे मुख्य बटण बंद केले. चकती थांबली आणि बाहेरच्या जिन्यात अंधार झाला!

स्टुलावर चढून जिन्यातला पिवळा बल्ब पाहिला. त्यावर ४० वॅट लिहिलेले होते. जिना अंधारा, म्हणून तो रात्रंदिवस जळे. दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले तर २८.८ युनिटे आमच्या माथी. घरमालकालाही याचा पत्ता नव्हता. त्यांनी तार बदलून घेतली.

मित्राचे जास्तीचे पैसे आम्ही परत केले. त्याने ते मुकाट्याने खिशात घातले. शेगडी त्याच्याकडे कधीच नव्हती. त्याची माफी मागणे मात्र त्या हिशेबाइतके सोपे गेले नाही.

आता चकरीची मीटरे जाऊन इलेक्ट्रॉनिक आणि स्मार्ट मीटरे येत आहेत. त्यांत चकती नाही, एक बारीक दिवा लुकलुकतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेले असते, तेव्हा हाच हिशेब तिथेही करता येतो. कुणावर आळ घेण्याआधी तो करून पाहावा, एवढेच सांगणे. मी पुस्तके वाचली हे खरे, पण चकरीकडे आधी पाहिले ते माझ्या वडिलांनी.