औषध आणि आनुवंशिकता : आधी चाचणी, मग गोळी

गेल्या आठवड्यात यकृतातली विकरे औषधाचा निचरा कसा करतात ते पाहिले. आजच्या गोष्टीत यकृताचा दोष नाही.

कार्बामाझेपिन हे फिटवरचे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध. चेहऱ्याच्या मज्जातंतूतून सणसणीत कळा येतात, त्यावरही डॉक्टर तेच देतात. बहुतेकांना ते सोसते. क्वचित कुणाला मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप भरतो, डोळे लाल होतात, तोंड आतून सोलवटते आणि कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. तो सर्वांत उग्र रूपात झाला, तर तिघांतला जवळपास एक रुग्ण दगावतो.

पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. पेशीच्या आतले प्रथिनांचे तुकडे ती प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवतात. आपले कोण, परके कोण हे त्यावरून ठरते. त्यातल्या एचएलए-बी*१५:०२ या आनुवंशिक प्रकाराला कार्बामाझेपिन थेट चिकटते आणि काहींच्या टी-पेशी स्वतःच्याच कातडीवर उठतात. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये आकडे दिले : हा आजार झालेल्या ४४ पैकी ४४ जणांत हा प्रकार सापडला, औषध सोसलेल्या १०१ जणांत फक्त तिघांत. इतके नेटके आकडे दिसले की मला आधी शंकाच येते. पण पुढे तिथल्याच २३ रुग्णालयांनी ४,८७७ जणांची गोळी देण्याआधी चाचणी केली. हा प्रकार असलेल्या ७.७ टक्के लोकांना दुसरे औषध दिले. एरवी दहाएक जणांना हा आजार व्हायचा; एकालाही झाला नाही.

हाँगकाँगची कथा जास्त बोलकी आहे. तिथे २००८ पासून कार्बामाझेपिनआधी चाचणी सक्तीची झाली आणि त्या औषधाने होणारा आजार थांबला. पण फिटच्या सगळ्या औषधांमुळे होणाऱ्या या आजाराचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहिले! रिपोर्टची वाट कोण पाहणार? डॉक्टरांनी कार्बामाझेपिन लिहिणेच जवळजवळ सोडले. त्याऐवजी फिटवरचे दुसरे औषध, फेनिटॉइन, वापरले गेले; त्याला चाचणीची अट नव्हती, आणि त्यानेही हाच आजार होतो.

आपल्याकडे २००९ साली गुजरातेतल्या एका छोट्या अभ्यासात कार्बामाझेपिनमुळे आजारी पडलेल्या आठांपैकी सहा जणांत १५:०२ आढळला. म्हणजे हा प्रश्न केवळ तैवान-हाँगकाँगमधल्या चिनी वंशाच्या लोकांचा नाही. मात्र रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुरळाकडे काणाडोळा चालत नाही. युरोपीय आणि जपानी रुग्णांत एचएलए-ए*३१:०१ हा वेगळाच प्रकार सापडला आहे. आणि १५:०२ असलेल्यांपैकीही बहुतेकांना गोळीचा काही त्रास होत नाही. कुणाला होणार ते चाचणी सांगत नाही.

ज्यांची गोळी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू आहे, त्यांनी हे वाचून ती बंद करू नये. धोका मुख्यतः सुरुवातीच्या महिन्यांतला. गोळी एकदम थांबवली तर फिटा उसळतात. फेनिटॉइनमध्ये एचएलए आणि यकृतातले विकर, दोघांचाही हात असतो. ते पुढच्या आठवड्यात.