आकाशातल्या पाहुण्यांची हजेरी



शिमगा आटोपला की आपल्याकडे काजू वेचायची घाई सुरू होते. सकाळी नऊ-दहाला ऊन तापायला लागलं की सड्यावर उभं राहून जरा वर बघा. एखादा मोठा पक्षी पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढतो आणि उंच गेल्यावर सरळ एका दिशेला निघून जातो. आपण घार म्हणतो नि कामाला लागतो. घार असेलही. पण मार्च-एप्रिलमध्ये तो परतीच्या वाटेवरचा पाहुणाही असू शकतो. भोवत्या, खरुची, काही गरुड, मासे खाणारा कैकर हे शिकारी पक्षी थंडीपुरते आपल्याकडे येतात आणि उन्हाळा लागला की कझाकस्तान, रशियाकडच्या आपल्या मुलखात अंडी घालायला परत जातात.

जगात बऱ्याच ठिकाणी माणसं डोंगरावर बसून हे पक्षी मोजतात. बचत गटातल्या बायकांना त्याचं काय, असं वाटेल. पण याचा धागा थेट आपल्या गोठ्यापर्यंत येतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी डोंगरच का, ते पाहू. मोठा पक्षी सतत पंख मारत हजारो किलोमीटर गेला तर थकून जाईल. जमीन तापली की गरम हवा वर चढते. वारा डोंगराला अडला की तोही वर वळतो. या चढत्या हवेवर पक्षी फुकटात उंची गाठतात आणि मग पुढच्या डोंगरापर्यंत तरंगत जातात. समुद्रावर अशी हवा फारशी मिळत नाही, म्हणून बरेच जण जमिनीचीच वाट धरतात. इस्रायलच्या एलात गावाजवळ वसंतात आफ्रिकेतून परतणारे लाखो शिकारी पक्षी दिसतात, ते यामुळेच.

आता एका बाईची गोष्ट सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. शरद ऋतूत तिथून जाणारे ससाणे, गरुड लोक गंमत म्हणून बंदुकीने पाडायचे. एका जातीचा बाज मारला तर सरकारच पाच डॉलर बक्षीस द्यायचं. 1934 मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला आणि राखणीला मॉरिस ब्राऊन आणि इर्मा ब्राऊन या नवरा-बायकोला ठेवलं. शिकार थांबली. ब्राऊन यांनी त्याच वर्षी वरून जाणारे पक्षी मोजून लिहायला सुरुवात केली.

त्या वहीचा उपयोग पुढे झाला. 1935 ते 1939 या काळात तिथून जाणाऱ्या टकल्या गरुडांत शंभरामागे चाळीस लहान वयाचे होते. 1955 ते 1959 मध्ये ते वीसवर आले. म्हातारे दिसत होते, पिल्लं दिसत नव्हती. रेचल कार्सन यांनी 1962 च्या आपल्या पुस्तकात हे आकडे मांडले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होतात, हे पुढे सिद्ध झालं आणि 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. वही नसती तर गरुड कमी झाल्यासारखे वाटतात, एवढंच कोणीतरी म्हणालं असतं.

आपल्या देशातही असंच घडलं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या बीएनएचएस संस्थेचे डॉ. विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात गिधाडं मोजली होती. दहा-बारा वर्षांनी पुन्हा मोजली, तेव्हा गिधाडं झपाट्याने संपत असल्याचं दिसलं. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली. कारण 2004 मध्ये समोर आलं. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात.

गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर 2023 मध्ये आली, त्यानंतर निमेसुलाइडवरही आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे. गाय-म्हैस, बैल किंवा शेळी आजारी पडली की इंजेक्शन देणाऱ्याजवळ बहुतेक घरांत आपणच उभ्या असतो. तेव्हा औषधाचं नाव विचारायचं आणि डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम चालेल का, हेही विचारायचं. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक मेडिकलमधून आणून जनावराला द्यायचं नाही. कोकणात चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र आणि महाडची सीस्केप या संस्थांनी गिधाडांसाठी काम केलं आहे. आपल्या गोठ्यातून त्यांना एवढी साथ नक्की देता येईल.

आता मोजणी कशी करायची ते पाहू. खर्च फारसा नाही. गावाजवळचा मोकळा सडा किंवा डोंगरमाथा निवडा आणि दरवेळी तिथेच बसा. तिघी पुरेत. एक बघेल, दुसरी लिहील, तिसरी मागची बाजू सांभाळेल. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. सकाळी नऊ ते बारा, आठवड्यातून एक दिवस, मार्चपासून एप्रिल अखेरपर्यंत. दर तासाला वेगळी ओळ लिहा: तारीख, वेळ, वारा कुठून, ढग किती, पक्षी किती, कुठल्या दिशेला गेले.

तीन नियम पाळा. घिरट्या घालणारा थवा तिथल्या तिथे मोजू नका, तो गोलातून सुटून पुढे सरकतो तेव्हा एकेक मोजा. जात ओळखली नाही तर अंदाजाने नाव न घालता ‘अनोळखी’ लिहा. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. गटाच्या हजेरीपत्रकात गैरहजेरीची खूण महत्त्वाची असते, तसंच हे शून्य.

एका वर्षाच्या वहीवरून काही कळणार नाही. पाच वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की फरक दिसायला लागेल. या नोंदी ई-बर्ड या मोफत ॲपवर टाकल्या तर अभ्यासकांनाही वापरता येतात. गावातली कॉलेजात जाणारी मुलगी हे सहज करेल.

आणखी एक. भोवत्या रात्री सड्यावरच्या गवतात, जमिनीवरच झोपतो. दिवसा टोळ आणि उंदीर खातो, म्हणजे आपल्याच शेताची राखण करतो. सड्याला वणवा लागला की त्याचा निवारा जळतो. उंदराचं औषध घातलंत तर मेलेले उंदीर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. आणि घारीने कोंबडीचं पिल्लू नेलं तर राग येतोच, नुकसान आपलंच असतं. पण त्यावर उपाय जाळीचं खुराडं आहे, विषाचा गोळा नाही. तो गोळा घारीबरोबर कुत्र्याला, मांजरालाही मारतो.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जवसुली आणि बचतीनंतर हा विषय पाच मिनिटं घ्या. तीन नावं ठरवा, एक जागा ठरवा, एक वही घ्या. बारा-पंधरा जणींच्या पैशाचा हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या आपल्याला आकाशातला हिशेब जड जायचा नाही.