माळ्यावरचं मिग

पावसाळ्यात लोणावळ्याला चार-चार दिवस आभाळ दिसत नाही. अशाच धुक्यात तुंगार्लीच्या एका घरात, माळ्यावरच्या खोलीत, मिग-२१ उतरताना पाहिलं. टेबलाला आवळून बसवलेली जॉयस्टिक, पायाशी रडरची पेडलं, पडद्यावर जॉर्जियाचा किनारा. चालवणारा तरुण इंजिनिअर रोज लोकलने पुण्याला जातो आणि रात्री जेवण झालं की विमान काढतो.

डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर फुकट मिळतो, जुनी लढाऊ विमानं ॲड-ऑन म्हणून वेगळी विकत घ्यायची. हे मिग-२१बिस लेदरनेक सिम्युलेशन्सने २०१४ साली काढलं. खरं बिस नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या कारखान्यात परवान्यावर तयार व्हायचं. वायुदलात मिग-२१ आलं १९६३ साली आणि निवृत्त झालं २६ सप्टेंबर २०२५ला, चंडीगडला.

मी अडकलो ते त्याच्या फ्लॅपपाशी. उतरताना फ्लॅप पूर्ण खाली घेतले की इंजिनाच्या काँप्रेसरमधली हवा त्यांच्यावर फुंकली जाते. त्या झोतामुळे इवल्याशा त्रिकोणी पंखाला जादा उचल मिळते. पण इंजिनाचे फेरे उतरले की झोत मंदावतो आणि उचलही जाते. धावपट्टी समोर दिसली की नवख्याचा हात आपसूक थ्रॉटल मागे ओढतो. त्या तरुणाने मला मुद्दाम तसं करून दाखवलं. विमान तरंगलंच नाही, धाडकन खाली बसलं आणि चाक मोडलं. पुढच्या खेपेला त्याने थ्रॉटल धरून ठेवला, चाकं टेकताना हळूहळू सोडला, मग दांडीवरची ब्रेकची कळ दाबली. हे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. डाव्या चाकाला ब्रेक लागणार की उजव्या, ते पाय ठरवतो. चौकाचौकांत चबुतऱ्यावर चढवलेल्या मिगला कितीही प्रदक्षिणा घातल्या तरी हे कळायचं नाही. इथे ते हाताला कळतं, आणि मला याचं फार मोल वाटतं.

तरी काळजी वाटतेच. या सिम्युलेटरमध्ये काकेशस आहे, सीरिया आहे, सह्याद्री नाही. भारतीय रंग चढवलेलं मिग लोहगावहून उडवून तुंग-तिकोन्यावरून न्यायची त्याची इच्छा अपुरीच आहे. १९७१चं युद्ध लढलं ते मिग-२१चं आधीचं रूप, एफएल. हे बिस त्याच्या नंतरचं. सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली की जुन्या विमानात कुठेतरी बिघाड निघतो, आणि तो दुरुस्त होणं परक्या देशातल्या मोजक्या प्रोग्रामरांच्या सवडीवर. त्यांनी हात काढून घेतला तर चालू मिगही बंद पडेल.

आणि ओझर? तिथे ज्यांनी एफएल जोडली ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कुठला नट हट्टी, कुठली नळी आधी गळते, झोत कमी पडला तर काय तपासायचं, हे त्यांना ठाऊक. या तरुणाला त्यांच्यातल्या एकाला तरी माळ्यावर आणून त्या खुर्चीत बसवायचंय. दिवाळीनंतर तो नाशिकला जाणार आहे.