फीडबॅक झकास, पण शिकले किती?

‘आमचा विद्यार्थ्यांचा फीडबॅक उत्तम आहे, म्हणजे शिकवणं उत्तमच चाललंय.’ उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची झाली की कॉलेजांतून हे वाक्य हमखास ऐकू येतं. सोबत रंगीत आलेख असतो. त्यात हिरवा भाग भलामोठा आणि लाल नखाएवढा. आलेख खोटा असतो असं नाही. पण तो ज्याचा पुरावा म्हणून मिरवला जातो, त्याचा पुरावा तो नसतो.

गैरसमज : विद्यार्थी खूश, म्हणजे त्याला विषय आला.

वस्तुस्थिती : खूश असणं वेगळं, विषय येणं वेगळं. कधी कधी तर या दोन गोष्टी उलट दिशांना जातात.

हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने कसलेल्या प्राध्यापकाचं ओघवतं व्याख्यान ऐकलं. दुसऱ्या गटाला मजकूर तोच, पण आधी आपसांत चर्चा करून गणितं सोडवायची आणि मग उत्तर समजून घ्यायचं. पुढच्या घटकाला गटांची अदलाबदल झाली. चाचणीत गणितांशी झटलेल्यांना जास्त गुण पडले. ‘आज बरंच शिकलो’ असं मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांनी जास्त सांगितलं. यात नवल नाही. फळ्यावर गणित भराभर सुटतं, वहीत उतरतं, सगळं कळल्यासारखं वाटतं. रात्री तेच गणित आकडे बदलून समोर आलं की पहिल्याच पायरीला गाडी अडते. उलट वर्गातच अडखळलेल्याला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही.

एखाद्या तासाचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. मग अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीकडे बघा. तिथे विद्यार्थ्याला आपला प्राध्यापक निवडता येत नाही आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. स्कॉट कॅरल आणि जेम्स वेस्ट यांनी तिथल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या वर्गाला कॅल्क्युलसच्या त्याच सत्रात चांगले गुण पडले, त्या प्राध्यापकांना फीडबॅकही चांगला मिळाला. पण त्यांचे विद्यार्थी पुढच्या, वरच्या विषयांत तुलनेने मागे पडले. ज्यांच्या विद्यार्थ्यांना पुढे फायदा झाला, त्यांना फीडबॅकमध्ये मात्र कमी गुण मिळाले.

अजून शंका असेल, तर बिस्किटांचं ऐका. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या काही गटांना तासाला चॉकलेट कुकीज दिल्या, काहींना दिल्या नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कुकीज खाणाऱ्यांनी शिक्षकांना जास्त गुण दिलेच, अभ्याससाहित्यही त्यांना जास्त चांगलं वाटलं!

मग फीडबॅक फॉर्म टाकूनच द्यायचा का? मुळीच नाही. विद्यार्थ्याला जे ठाऊक असतं, ते त्याला जरूर विचारा. नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातला पहिलाच प्रश्न आहे : वर्गात किती टक्के अभ्यासक्रम शिकवून झाला? याचं खरं उत्तर विद्यार्थ्याशिवाय कोण देणार? सर तयारी करून येतात का, त्यांचं बोलणं समजतं का, हेही त्यालाच विचारावं. पण ‘तुमचं विश्लेषण-कौशल्य सुधारलं का?’ हे त्याने कशावरून सांगायचं? त्यातून फॉर्म भरून घ्यायचा तो हॉल तिकिटाच्या आधी घाईघाईत. सहा विषय, सहा फॉर्म आणि वरपासून खालपर्यंत ‘उत्कृष्ट’ची सरळ रांग. त्याची सरासरी आपण दोन दशांश स्थळांपर्यंत काढतो!

कौशल्य मोजायचं ते कामावरून. जूनमध्ये पावसाच्या आकड्यांचा एक तक्ता द्या आणि त्यावरून निघणारे निष्कर्ष कारणांसह लिहायला सांगा. मार्चमध्ये तेवढाच अवघड दुसरा तक्ता द्या. नावं आणि तारखा झाका, निकष आधीच लिहून ठेवा आणि तपासायला दुसऱ्या प्राध्यापकाकडे द्या. काय फरक पडला ते दिसेल. सहभाग मोजायचा तो कृतीवरून. अमेरिकेत २००० पासून चालणारं ‘नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट’ कॉलेज आवडलं का, एवढ्यावर थांबत नाही. आठवड्याला अभ्यासाचे तास किती, अडलं तर सोबत्याला विचारता का, हेही विचारतं.

आता किरकोळ गैरसमज.

७५ टक्के हजेरी म्हणजे सहभाग. नियमित येणाऱ्यांना गुण जास्त मिळतात, हे खरं. पण सक्ती केल्याने गुण थोडेच वाढतात, असं संशोधक क्रेडे आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. प्रॉक्सीची गोष्ट वेगळीच.

वर्गात बोलतो तोच गुंतलेला. गप्प बसणाऱ्याची वही एकदा उघडून बघा.

निकाल ९५ टक्के, म्हणजे दर्जा वाढला. पेपर सोपा होता का, हे आधी विचारा.

सीओ-पीओची, म्हणजे विषयाच्या आणि अभ्यासक्रमाच्या ठरवलेल्या फलितांची, एक्सेल शीट भरली, की कौशल्य मोजलं गेलं. गुण पाठांतराच्या प्रश्नांचे असतील, तर शीटमध्ये पाठांतरच मोजलं जातं. रकान्याच्या डोक्यावर काहीही लिहा.

हे सगळं मोजायला महागडं सॉफ्टवेअर लागतं. लागतात ते दोन तक्ते, ठरलेले निकष आणि उत्तरं वाचायला सवड असलेला प्राध्यापक. ही सवड हवी, तर प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतील. सॉफ्टवेअरचं टेंडर काढणं त्यापेक्षा सोपं.