आखूड नळीचा भार

भाटघर धरण भरले की स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि वेळवंडीच्या पात्रात पाणी झेपावते. बघायला आलेल्यांची नजर वरच्या शुभ्र धारांवर खिळते. जाणकार मात्र खाली बघतो, पाणी पहिल्यांदा जिथे आपटते तिथे. सगळा मार त्या जागेला बसतो. शंभर पावले पुढे तेच पाणी निमूटपणे वाहू लागते. आखूड नळीच्या बंदुकीवर सप्रेसर, म्हणजे लोकांच्या तोंडचा सायलेन्सर, चढवला की त्याच्या आतल्या पहिल्या पडद्याची हीच गत होते. तो पडदा किती टिकतो यावर सबंध नळकांड्याचे आयुष्य ठरते. भाटघरपासून पन्नासएक किलोमीटरवर, पुण्याच्या पाषाण-खडकी भागात, या प्रश्नाला भिडणारे काम अनेक वर्षे चालले आहे, आणि त्याची म्हणावी तशी ओळख आपल्याला नाही.

आधी नळीचे बघू. ५.५६ × ४५ मिलिमीटरचे काडतूस आज जगभर चालते. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुधनिर्माणीत ५.५६ ची काडतुसे तयार होतात. एका काडतुसात दारू असते सुमारे १.७ ग्रॅम. या काडतुसाची घडण झाली ती वीस इंची नळी डोळ्यांसमोर ठेवून. दारूने गोळीला नळीच्या टोकापर्यंत रेटत राहावे, असा तो हिशेब. वीस इंची नळीतून गोळी सेकंदाला नऊशे मीटरहून अधिक वेगाने सुटते. नळी दहा-साडेदहा इंचांवर आणली की हाच वेग साडेसातशे-आठशेच्या घरात उतरतो. पण दारू तेवढीच असते. जी ऊर्जा गोळीला मिळाली नाही, ती तप्त वायू आणि अर्धवट जळालेले दारूचे कण यांच्या रूपाने नळीच्या तोंडातून बाहेर पडते. गोळी सुटते त्या क्षणी तिच्यामागच्या वायूचा दाब वीस इंची नळीच्या मानाने दुपटीहून जास्त असतो. आखूड कार्बाइन कानठळ्या बसवते आणि अंधारात तिच्या तोंडाशी आगीचा गोळा दिसतो, तो यामुळेच.

मग नळी आखूड करायचीच कशाला? घराच्या दारातून आत शिरणारा, जिन्यावर वळणारा, गाडीतून उडी मारणारा जवान लांब रायफल घेऊन अडखळतो, म्हणून. अशा जागी तोच आवाज चार भिंतींत घुमतो. सप्रेसरची गरज आखूड नळीला सर्वांत जास्त, आणि सप्रेसरला सर्वांत जास्त मारही आखूड नळीचाच. सगळी अडचण इथे आहे.

या उपकरणाचे पहिले यशस्वी पेटंट १९०९ मध्ये अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्झिम यांना मिळाले. मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्झिम यांचे हे चिरंजीव. वडिलांनी रणांगणावर जो आवाज आणला तो दाबण्याची खटपट मुलाने केली. आतली कल्पना आजही फारशी बदललेली नाही. नळकांड्यात एकामागे एक पडदे असतात, मधोमध गोळी जाण्यापुरते भोक असते. गोळी सरळ निघून जाते. वायू मात्र प्रत्येक पडद्याशी अडतो, फिरतो, पसरतो, आपली उष्णता धातूला देतो आणि मग शांतपणे बाहेर येतो. ही उष्णता धातूने घेतली, म्हणजेच धातूने सोसली.

सोसण्याला मर्यादा असते, हे दुसऱ्या महायुद्धातल्या स्टेन कार्बाइनच्या आवाजदाबू आवृत्तीने दाखवून दिले. तिच्यातून एकेक राउंडच झाडावा, सलग फैर झाडू नये, अशी सूचना सैनिकांना होती, कारण सलग फैरीने आतले पडदे खराब होत. पुढे स्टर्लिंग कार्बाइनची तशीच आवृत्ती आली आणि आपल्या कानपूरच्या लघु शस्त्र निर्माणीने ती ‘कार्बाइन २ए१’ या नावाने बनवली. तिची युक्ती मला फार आवडते. जेमतेम आठ इंची नळीलाच ७२ बारीक भोके पाडलेली. गोळी नळीत असतानाच वायूचा मोठा वाटा त्या भोकांतून बाजूच्या जाळीत निघून जातो. त्यामुळे ९ मिलिमीटरची गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहते आणि हवेत फटकाही उमटत नाही. वायूचा जोर तोंडाशी एकवटण्याऐवजी नळीभर विखुरला, म्हणून कोणत्याही एका जागेवर घाव बसत नाही. किंमत मोजावी लागते ती सफाईत. काजळी आणि शिसे भोकांत बसले की वायू कमी निघतो, गोळीचा वेग वाढतो आणि आवाज परत येतो. पुलथ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी, आणि चिंदी घेऊन बसणाऱ्या जवानाच्या निगुतीवर ते हत्यार जगायचे.

हे जमले कारण ९ मिलिमीटरचे काडतूस मुळातच सौम्य. रायफलच्या काडतुसाला ही युक्ती लागू पडत नाही. वेग घालवला तर त्या हलक्या गोळीत राहते काय? पाषाणच्या आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेने, म्हणजे एआरडीईने, वेगळी वाट धरली. १९५८ मध्ये सुरू झालेली ही संस्था. इन्सास रायफल तिथलीच. तिने सेनेसाठी जी जेव्हीपीसी (जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन) रचली तिचे काडतूस आहे ५.५६ × ३० मिलिमीटर. कवच तोकडे, दारू कमी. लांब नळीसाठीचे काडतूस आखूड नळीत कोंबायचे आणि मग धुराशी झगडायचे, त्यापेक्षा काडतूसच आखूड नळीच्या मापाचे घ्यायचे, हा विचार मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. तीनेक किलो वजन, मिनिटाला ७०० हून अधिक राउंड. बंदूक कानपूरला बनते आणि तिची काडतुसे बनतात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. हा कारखाना १८६९ चा, म्हणजे भाटघरच्या पहिल्या धरणापेक्षाही जुना. ७ डिसेंबर २०२० रोजी या कार्बाइनने सेनेच्या वापर चाचण्यांचा शेवटचा टप्पा पार केला. कडक उन्हाळा आणि उंच पहाडावरचा हिवाळा, दोन्ही चाचण्या आधीच झाल्या होत्या.

आता प्रवाह पुन्हा मोठ्या काडतुसाकडे वळला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ४.२५ लाखांहून अधिक सीक्यूबी, म्हणजे जवळच्या लढाईसाठीच्या, कार्बाइनसाठी २,७७० कोटी रुपयांचा करार केला. त्यातला मोठा वाटा मुंढव्याच्या भारत फोर्जकडे आला असून त्यांची कार्बाइन एआरडीईच्याच रचनेची आहे. काडतूस ५.५६ × ४५. रसद एकच राहावी, रायफलवाल्याचे मॅगझिन कार्बाइनवाल्याला चालावे, हे कारण भक्कम आहे. त्याला विरोध करता येत नाही. पण लहान काडतुसाने जो प्रश्न टाळला होता, तो आता धातूला सोडवावा लागेल.

कोणता धातू? टायटॅनियम वजनाला हलके, म्हणून सगळ्यांचे लाडके. तोंडाशी जड नळकांडे लोंबकळत असेल तर हात लवकर भरून येतो. पण नेहमी वापरातल्या टायटॅनियम मिश्रधातूची ताकद ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने उतरते, आणि चार-पाच मॅगझिन सलग झाडल्या की पहिला पडदा ती सीमा ओलांडू शकतो. शिवाय जळते कण टायटॅनियमवर आदळले की ठिणग्या उडतात. अंधारात लपायला घेतलेले साधनच जागा दाखवून देते. शिकारीच्या रायफलीला टायटॅनियम उत्तम. आखूड नळीच्या फैरीला नव्हे. कठीण केलेले स्टेनलेस पोलाद बरे, पण तेही कणांच्या माऱ्याने खरवडत जाते. निकेलचे इन्कोनेल ७१८ साडेसहाशे अंशांपर्यंत आपली ताकद राखते. जेट इंजिनासाठी सिद्ध झालेला हा धातू आपल्याकडे हैदराबादच्या मिधानीत तयार होतो. आणि कोबाल्टचे स्टेलाइट तर लालबुंद झाले तरी कठीण राहते. अमेरिकेच्या एम-६० मशीनगनच्या नळीत त्याचे अस्तर असे. स्टेलाइटचे यंत्रकाम जिकिरीचे आणि महाग, म्हणून पुष्कळ कारखानदार पहिला पडदा तेवढा स्टेलाइटचा करतात आणि मागचे पोलादाचे. जिथे मार तिथे खर्च, हा हिशेब मला पटतो. अलीकडे इन्कोनेलची भुकटी लेसरने वितळवून सगळा सप्रेसर थरांनी एकसंध उभारतात. जोडच नसला तर फुटायला जागा एक कमी.

झीज दिसते कशी? पहिल्या पडद्याच्या भोकाची कड बोथट होते, मग भोक रुंदावते, शेवटी पडद्याला ओरखडे आणि चिरा पडतात. आवाज एकदम वाढत नाही. थोडा थोडा वाढतो, आणि रोज ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. धोका इथेच आहे. उघड्या कार्बाइनचा स्फोट नेमबाजाच्या कानाशी १६० डेसिबलच्या वर जातो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही कानाची सीमा मानतात. आखूड नळीवरचा चांगला सप्रेसर जेमतेम त्या सीमेच्या आसपास पोहोचतो. पडदे झिजले की ती निसटती कमाई सर्वांत आधी जाते. गेलेले कान परत येत नाहीत, आणि ते जातात तिशीतल्या पोरांचे.

दुसरा घात अचानक होतो. सप्रेसर नळीवर जराही तिरका बसला, आटे सैल झाले किंवा काजळीमुळे नीट टेकला नाही, तर गोळी पडद्याला घासते. एका राउंडमध्ये नळकांडे फुटू शकते. म्हणून जाणते शस्त्रकार नळीतून सरळ मोजसळई घालून भोक मध्यावर आहे ना, हे बघतात. दोन मिनिटांचे काम, पण सराव मैदानाच्या घाईत तेच गळते.

आणि सप्रेसर बंदुकीलाही झिजवतो. अडलेला वायू मागे फिरतो, बोल्ट जास्त वेगाने मागे येतो, एक्स्ट्रॅक्टरवर ताण पडतो, काजळी यंत्रणेत शिरते, डावखुऱ्या जवानाच्या डोळ्यांत धूर जातो. अलीकडच्या रचना वायूला मागे न अडवता वळणांतून पुढेच काढून देतात. त्या थोड्या गोंगाटी असतात, पण बंदूक आणि माणूस दोघांनाही सुखाच्या. लढाईच्या हत्यारासाठी मी हीच अदलाबदल पसंत करेन.

आपल्या देशात हे साधन सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडणी प्रतिबंधित वर्गात आहे. म्हणजे गिऱ्हाईक एकच, सरकार. बाजारात तक्रार करणारे हजारो हात नाहीत, म्हणून टिकाऊपणाची कसोटी खरेदीच्या कागदावरच लागायला हवी. ‘दहा हजार राउंड टिकेल’ एवढ्या वाक्याला अर्थ नाही. दहा हजार राउंड सावकाश एकेक झाडले तर साधा सप्रेसरही टिकेल. तेच फैरीने झाडले तर तो त्याच्या कितीतरी आधी खचेल. नळीची लांबी, फैरींचा क्रम, मधली विश्रांती आणि हवेचे तापमान, हे सारे सांगितल्याशिवाय आकडा सांगूच नये. आवाज पहिल्या दिवशीही मोजावा आणि शेवटच्या दिवशीही. राजस्थानच्या मे महिन्यात तापवलेल्या आणि लडाखच्या जानेवारीत गोठवलेल्या नमुन्यांतून ठरल्या क्रमाने राउंड झाडावेत, मग ते नळकांडे उभे कापावे, पहिल्या पडद्याच्या भोकाचा व्यास मोजावा आणि तो आकडा करारात छापावा.